छपरातली काच
जपानमधल्या कानाझावातल्या एका घरावर चढून, दुरुस्तीला आलेल्या मुरोतानीनं छपरातल्या काचेभोवती वरच्या कौलांखाली नवा पत्रा सरकवला आणि पाईपनं पाणी सोडलं.

"आजी, गळतंय का?"

"थेंबसुद्धा नाही! उतरा आता," खालून कियोए आजी म्हणाल्या.

तो उतरला. नळ बंद करून त्यानं शिडी गाडीवर बांधली आणि आत चहाला बसला.

"आमचे हे स्वतःच चढायचे," आजी म्हणाल्या. "तिथूनच पडून गेले."

तेवढ्यात काचेवरून पाणी वाहू लागलं.

"अगं, गळतंय का?" वरून कुणीतरी विचारलं.

मुरोतानीनं चटई चाचपली. कोरडी ठणठणीत. 'नाही' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोच आजींनी त्यावर हात ठेवला.

"अहो, गळतंय अजून," त्या शांतपणे म्हणाल्या. "उतरू नका एवढ्यात."