अठ्ठ्याऐंशीवं पान

वृंदा खांडेपारकरांनी स्वतःच छापलेल्या भयकादंबरीचं परीक्षण रविवारच्या पुरवणीत आलं. 'पान अठ्ठ्याऐंशीपासून वाचकाच्या हृदयाचे ठोके शून्य. पुस्तक अजिबात घाबरवत नाही.'

त्यांनी थेट संपादकांना फोन लावला. "अहो, ठोके शून्य कसे असतील?"

"मॅडम, ठोके मोजणारा पट्टा आमच्यासाठी पुस्तक वाचणाऱ्या टिपणिसांच्या मनगटावर होता. त्यावरून यंत्राने परीक्षण लिहिलं, आम्ही न बघता छापलं." संपादक अडखळले. "टिपणीस त्या पानावर असतानाच वारले हो. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापतो."

वृंदाताईंनी पुस्तकाचं अठ्ठ्याऐंशीवं पान उघडलं.

"त्याआधी ठोके किती होते?"

"बहात्तर. पहिल्या पानापासून बहात्तरच, एकदाही वाढले नाहीत."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग दुरुस्ती नका छापू."