धुरपदाबाईची पारख

शेळीची नुसती चाल बघून तिचं दुखणं ओळखावं, तर ते धुरपदाबाईनंच. पुण्यात स्टार्टअप काढलेला तिचा पुतण्या योगीराज महिनाभर तिच्या मागं रानोमाळ हिंडला. तिची सगळी पारख त्यानं शेळ्या घेणाऱ्यांसाठीच्या आपल्या ॲपमध्ये भरली, वर कौतुकानं आवाजही तिचाच घातला.

पुढं भूमच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं तिनं विकायला आणलेल्या शेळीवर मोबाईल धरला आणि नकारार्थी मान हलवली.

"अवो, दुखणं न्हाय तिला. पायात काटा मोडलाय, म्हणून लंगडती," धुरपदाबाई काकुळतीला आली.

"मावशी, तुमच्यापरीस ह्या बाईला लई कळतं," म्हणत त्यानं मोबाईल तिच्या कानाशी नेला.



आतून धुरपदाबाई ठणकावून सांगत होती, "ही घेऊ नका. इकणारा काय बी सांगंल, ऐकू नका."