रिकामी पेटी

बोटीवर नोकरीला जाताना देवेशने बॉल पायथन जातीच्या अजगराचं हातभर पिल्लू साखळी गावातल्या घरी आईच्या, कमलाक्षीच्या, गळ्यात मारलं. तेव्हापासून तिच्या फ्रीजरमध्ये बांगडा माशांशेजारी अजगराच्या खाण्याचे उंदीर असत. वर्षभरात पेटी अपुरी पडली, म्हणून तिने वैतागत मोठी आणली. जुनी पारदर्शक प्लास्टिकची पेटी घासूनपुसून, झाकण लावून पडवीत ठेवली.

चार दिवसांनी त्या पेटीत सापाची कात दिसली. तिने तडक फोन लावला.

"देवेशा, मेल्या, तुझा हा पाहुणा दोन घरं करून राहतो की काय?"

"आई, जुनी कात काढायची राहिली असेल."

"मी माझ्या हातांनी घासलीय रे पेटी! मला शिकवू नकोस."

तिने कात फेकली, पेटी पुन्हा धुतली आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली.

पुढच्या महिन्यात अजगराने मोठ्या पेटीत कात टाकली. त्याच सकाळी पडवीतल्या पेटीतही अख्खी कात होती, अजून ओलसर. चिकटपट्टी कुठेच सुटलेली नव्हती. कमलाक्षीने ती फाडून कात बाहेर काढली आणि शिवणकामाची टेप आणून दोन्ही काती मोजल्या. अजगराची साडेतीन फूट भरली. दुसरी पाच.

"पुरे झाली ही कटकट!" म्हणत तिने दोन्ही काती फेकल्या, पेटीचं झाकण पुन्हा दाबलं आणि पेटी फेकून द्यायला दोन्ही हातांनी उचलली. आतला तळ लख्ख दिसत होता, पण पेटी जड होती.

ती दोन पावलं चालली, तोच आतलं वजन तिच्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे सावकाश सरकलं.