डबा कुणाचा

सुलेखा दुकानाची पायरी चढली, तशी पार्टिशनमागची शिट्टी मधेच तुटली. बाकड्यावर बसलेल्या कडूबाईनं मांडीवरचा डबा पदराखाली ओढला, पण सुनेची नजर त्याच्यावर आधीच पडली होती. सुनेचं बोट धरून नात आली होती. मंजू. शाळेच्या गणवेशातच.

"गोकुळला बाहेर बोलवा," सुलेखा शेठला म्हणाली.

"कोण गोकुळ? ताई, औरंगपुऱ्यात मोबाईल रिपेरिंगची दुकानं लई. दुसरीकडं बघा."

सुलेखानं आवाज चढवला नाही. "उद्या कोर्टात तारीख आहे. त्यांनी अर्ज दिलाय. वाळूजची कंपनी सुटली, आता कमाई नाही, बायको मात्र दवाखान्यात कामाला लागली, तेव्हा पोरीची पोटगी कमी करा. माझा पगार मी शपथेवर लिहून दिला. त्यांनी शपथेवर शून्य लिहिलं. दोघांचं खरं कळलं तरच जज्जसाहेब बरोबर ठरवतील ना? तुम्ही एवढंच सांगा, ते इथं कामाला आहेत का नाहीत."

"नाय. इथं मी एकटाच असतो."

पार्टिशनच्या वरून धुराची एक बारीक रेघ छताकडं चालली होती. सोल्डरिंगचा वास दुकानभर पसरला होता. मोठ्या तिघांपैकी कुणीच वर पाहिलं नाही. मंजूनं तेवढं पाहिलं.

"आजी, हा डबा कुणाचा?"

कडूबाईनं पदर डब्यावर आणखी ओढला. वकिलानं घरी येऊन बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत गोकुळ कामावर कुणाला दिसता कामा नये. कुणी विचारलं तर तो नाही म्हणायचं. घरी तिनं तसं चारचौघांना सांगितलंही होतं. पण आजवर नातीनं विचारलं नव्हतं.

"माझा हाय," ती म्हणाली.

"मग खा ना."

शेठ काउंटरवरचा मोबाईल उगाच पुसायला लागला.

"खा की, आत्याबाई," सुलेखा म्हणाली. "दुपार टळली. भूक लागली असंल."

कडूबाईनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, भरीत, खाली ठेचा. लेकाला आवडते तशी कडक भाजलेली भाकरी होती. कडूबाईच्या तोंडात दात नव्हते. तिनं तुकडा मोडला, हिरड्यांवर घोळवला, घोळवतच राहिली. पार्टिशनच्या पलीकडं कुणीतरी आवंढा गिळला. तो आवाज एवढ्याशा दुकानात सगळ्यांना ऐकू आला.

मंजू पुढं आली. तिनं भाकरीचा घास मोडला, त्याला भरीत लावलं आणि पार्टिशनपाशी जाऊन उकिडवी बसली. खाली चार बोटांची फट होती. फटीच्या तोंडाशी तिनं घास ठेवला, हात जोडले आणि मागं सरकली.

"हे काय गं बाई?" कडूबाईचा आवाज फाटला.

"पप्पांना. जो नसतो, त्याला ठेवतात. लासूरच्या आबांना नव्हता का ठेवला, दहाव्याला, गंगेवर?"

"मंजू, ऊठ," सुलेखा म्हणाली. पण तिचा पाय जागचा हलला नाही.

मंजू घासाकडं टक लावून बसली. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आत पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. एक मुंगी घासावर चढली.

"शिवत नाहीत," मंजू कुजबुजली. "त्यांचं काहीतरी राहिलंय. आबांचापण कावळा येईना. मग मामा म्हणला, सुलीची काळजी करू नका, तिचं आम्ही बघू, तुम्ही जा. मग लगेच आला." ती आईकडं वळली. "मम्मी, तू म्हण ना."

बाहेर ये रं बाबा, कडूबाई मनात म्हणत होती. आता तरी ये. तुझीच लेक हाय. तिच्या तोंडातला घास तसाच होता. फटीतून तिला लेकाच्या पायाची सावली दिसत होती. सावली हलली. दाराकडं नाही. घासाकडं.

सुलेखा पार्टिशनकडं बघत उभी होती. मग ती बोलली, तेव्हा आवाज घरातल्या भांडणातला नव्हता. नदीकाठचा होता.

"पोरीची काळजी करू नका. तिचं मी बघीन. तुमच्याकडं आमचं काही मागणं नाही. तुम्ही जा."

फटीतून दोन बोटं बाहेर आली. एकावर सोल्डरिंगच्या गरम टोकानं भाजल्याचा काळा डाग होता. बोटांनी जमीन चाचपली, घास सापडला, आणि घास आत गेला.

"शिवले!" मंजूचा चेहरा उजळला. "मम्मी, शिवले!"

सुलेखानं तिचा हात धरला. पायरीवर पोरगी मान वळवायला लागली, तर आईनं तिच्या गालाला हात लावून तोंड पुढं केलं.

"मागं बघायचं नसतं."

दोघी गर्दीत उतरल्या. दुकानात आता फक्त चावण्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"आई," पार्टिशनमागून हळूच आलं, "गेल्या का त्या?"

कडूबाईनं तोंडातला घास पदरात काढला. डबा बंद केला, काखेत घेतला, चपला पायात सरकवल्या. पायरीवर थांबून तिनं शेठकडं पाहिलं.

"तुमी तर म्हणला, इथं एकटेच असता. मग आत्ता बोललं कोण?"