बापाच्या थाळीची झांज

"झांज काढून टाकली तुमी," लहानू म्हणाला, "आन् मले सांगितलंही नाई."

ओमप्रकाशनं ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या. "काढली कुठी बे? ही काय, समोर लटकून राहिली."

"लटकून राहिली. वाजून नाई राहिली."

गांधीबागेतलं कापडाचं गोदाम, ओमप्रकाशच्या बापाचं. रविवारी बाजार बंद, म्हणून दुपारी तिथं 'मसनघाट' नावाचा बँड वाजायचा. एकोणनव्वद साल. अख्ख्या नागपुरात डेथ मेटल वाजवणारे हे दोनच पोट्टे. ओमप्रकाश ड्रमवर, आन् नत्थू गिटार वाजवायचा, गायचाही. गायचा म्हणजे काय, गुरकायचा. ओमप्रकाशच्या मावसभावानं मुंबईहून एक कॅसेट आणली होती, तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. शब्द कोणालेच समजत नव्हते. नत्थू म्हणे, मरणाचं गाणं आहे, समजाले कशाले पाहिजे?

या बँडले पक्का ऐकणारा एकच, लहानू. एक रविवार चुकवला नाही त्यानं. काहून? तर त्याचा बाप होता त्या गाण्यात. खरंच होता.

लहानू इतवारीत भांड्यांच्या कारखान्यात ठोकाईचं काम करायचा. सहा वर्षं झाली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घणावर घण. त्या कल्लोळात सारे खुणेनंच बोलत. बाकीचे कानात कापूस कोंबत, लहानू नाही. त्याचे उस्ताद वामनराव सांगत, भांडं नादावर समजते, कान बुजवला तर ठोकतो काय ते कसं समजीन?

बाप गेला तेव्हा मागं राहिली त्याची काशाची थाळी. जेवण झालं का बाप तिच्या काठावर बोटानं टिचकी मारे आन् ती नुसती झिणझिणत राहे. दोन वर्षांपूर्वी ड्रमले झांज पाहिजे होती, मिळत नव्हती. लहानूनं घरी आईले, बायजाबाईले, थाळी मागितली. दुसऱ्या दिवशी तिनं थाळी घासून-पुसून त्याच्या हाती दिली.

"वाजली पाहिजे मात्र," एवढंच म्हणाली.

त्यानं ती भट्टीत तापवून, ठोकून ठोकून पातळ केली. पहिल्या दिवशी नत्थूच्या गुरगुरीतून तिचा आवाज असा चिरत वर गेला का लहानूच्या अंगावर सरसरून काटा आला. तो कापडाच्या गठ्ठ्यांमागं जाऊन रडून आला. कोणाले सांगितलं नाही.

मग बँड बदलत गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी झांजेचा मागचा झिणझिणाट आटला. मग गिटारीची धार गेली. आता तर नुसता धडधडाट, गाद्या झोडपल्यासारखा. नत्थू म्हणे, तेच तर वाजवून राहिलो. लहानूले वाटे, एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाव काय लागलं, यांच्या डोक्यात हवा गेली.

तसं पाहिलं तर सारंच हलकं होत चाललं होतं. घरचा कूकर शिटी द्यायचा बंद झाला, दोनदा डाळ जळली, बायजाबाईशी भांडण झालं ते वेगळंच. आज येतानाही एका सायकलवाल्यानं घंटी न वाजवता मागून धडक दिली, वरून शिव्या देत गेला.

"शनिवारी गॅदरिंग आहे," लहानू म्हणाला. "माही माय येऊन राहिली. पहिल्यांदा. तिनं थाळी कशासाठी देली होती? नाई वाजवाची तर वापस द्या. मी आताच काढून नेतो."

नत्थू काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोल ना बे! गुरकावून गुरकावून गळा बसला तुहा."

"म्हटलं, काय झालं तुले?" नत्थू ओरडला.

लहानूनं खिशातून एक कॅसेट काढली. झांज पहिल्यांदा वाजली त्या दिवशी भरलेली. तिच्यावर कोणी दुसरं काही भरू नये म्हणून मागचे दोन्ही दाते त्यानं तेव्हाच मोडून टाकले होते. घासल्या जाऊ नये म्हणून दीड वर्ष वाजवलीही नव्हती. ट्रंकेत, बापाच्या धोतरात गुंडाळून ठेवली होती.

"हे ऐका. मंग सांगा, तेच वाजवता का."

टेप सुरू झाला. धडधड. मग नत्थूची गुरगुर. लहानूनं डोळे मिटले. आता चौथ्या ठोक्यावर येईन. तीन. चार.

पाच. सहा.

त्यानं डोळे उघडले. नत्थूनं बोट वर केलं होतं.

"हे आली," नत्थू म्हणाला. थोड्या वेळानं परत बोट वर. "हे पाह्य, परत."

लहानूनं टेप बंद केला. कॅसेट काढली, उलटी केली, अंगठा फिरवून पाहिला. दाते मोडलेलेच होते.

ओमप्रकाशनं काडी उचलली आन् लहानूच्या नाकासमोर होती नव्हती ती ताकद लावून झांजेवर हाणली.

ठक्. लाकडावर लाकूड आपटावं तसं.

नत्थूनं दोन्ही कान दाबून धरले. तुळईवरचे सारे पारवे उडाले.

लहानूनं हात पुढं केला आन् बाप टिचकी मारे त्या काठाले हळूच बोट लावलं. थाळी वाजून राहिली होती.