तेरा माळांचा सिनेमा

"टॉकीजात नोकरी कर, पण सिनेमा पाहू नको. देवाच्या पाटाले हात लावून सांग." सासूबाईंचं हे सांगणं प्रयागबाईनं नऊ वर्षं पाळलं होतं. लेडीजच्या दारावर ती तिकिटं फाडायची, बॅटरी दाखवून बायांना जागेवर बसवायची, आणि मुख्य सिनेमाचं सर्टिफिकेट पडद्यावर आलं की दार ओढून बाहेर स्टुलावर बसायची. हातात जपाची माळ.

ट्रेलरबद्दल मात्र सासूबाई काही बोलल्या नव्हत्या.

आणि ट्रेलर म्हणजे तिचा जीव की प्राण. हे टॉकीज वीस-वीस वर्षांपूर्वीची चित्रं लावायचं, त्यामुळे ट्रेलरही तसेच, रेघोट्या पडलेले, मधेच उडी मारणारे. अक्षरं धावत अंगावर यायची. ‘देखिए! कलेजा थामकर देखिए!’ मग बैलगाडीएवढा विंचू पोलीस चौकी उचलायचा, बुरख्यातली बाई घोड्यासकट छपरावर उडी घ्यायची, कोणी डॉक्टर औषध पिऊन अर्धा वाघ व्हायचा. तीन मिनिटांत सगळं. रडारड नाही, उपदेश नाही. प्रयागबाई दारापाशी उभी राहून तोंडाला पदर लावून घाबरायची, हसायची, पुन्हा घाबरायची.

नवीन लागलेल्या चित्राचा ट्रेलर तर तुटलेल्या हाताचा होता. नुसता हात, मनगटापासूनचा. तो जमिनीवरून चालत येतो, पेटीवर चढतो आणि झोकात पेटी वाजवतो! आठ दिवस तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला बोटं नाचवून ते सांगितलं होतं.

सोमवारी बाराचा खेळ सुटला, आणि सक्करदऱ्याची बायजाबाई चार शेजारणींना घेऊन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"प्रयागबाई, हात कुठं हाय वं?"

"कुठं म्हणजे? पडद्यावर."

"पेटी आली. पेटीवरची धूळ आली. अन् मंग एकदम लगनच लागलं!"

"डोळा लागला असंन तुमचा."

"पाचही जणींचा? तिकीट काढून झोपाले आलो होतो का आम्ही?" शेजारणी हसल्या. बायजाबाई हसली नाही. "बिड्या वळाचं सूप बाजूला ठेवून पायी आलो, तुह्या शब्दावर. माळ घेऊन बसते अन् खोटं काहून सांगते वं?"

प्रयागबाईची कानशिलं तापली. आजवर तिला कोणी काहीही म्हटलं असेल, खोटारडी म्हटलं नव्हतं. तिनं हातातल्या माळेकडे पाहिलं. शुक्रवारी, पहिल्या दिवशी, मध्यंतरानंतर सिनेमा सुटेपर्यंत तिच्या तेरा माळा झाल्या होत्या. शनिवारीही तेरा. काल रविवारी अकराच झाल्या आणि दारं उघडली. आपलंच मन जपात लागलं नाही, असं वाटून तिनं घरी गेल्यावर देवापुढे नाक घासलं होतं, दोन माळा जागेवरून न उठता पुऱ्या केल्या होत्या. आज पुन्हा अकरा.

"थांब वं बायजाबाई," ती म्हणाली. "तो हात कोणी काढला असंन, तर तीनच्या खेळाच्या एकेका बाईले मी सांगीन. शब्द देते."

मॅनेजर भैयाजी टेबलाशी बसून पानाला चुना लावत होते.

"भैयाजी, सिनेमा कापला का?"

"कोण म्हणते? तुम्ही पाह्यला?"

"नाही. दोन माळा कमी भरल्या."

भैयाजी मोठ्यानं हसले. "आता रामनामानं सिनेमा मोजून राहिल्या का तुम्ही?"

"मी नाही मोजत. मी जप करते. सिनेमाच त्यात कमी पडला."

हसणं थांबलं. "हाव, काढलं एक रीळ. कालपासून तीनाऐवजी चार खेळ करून राहिलो आपण, ते दिवसात बसवाचे कसे? गाणं काढलं तर पब्लिक खुर्च्या तोडते. त्या भुताच्या हातासाठी कोण रडते? बायाच तर हायेत. कोणी विचारलं तर सांगा, ट्रेलरमधलं सगळं सिनेमात नसतेच."

"म्हणजे मी खोटं सांगू?"

"नोकरी करा, एवढंच म्हणतो."

प्रयागबाई हलली नाही. ट्रेलरनं कबूल केलेलं सगळं फिल्मच्या डब्यातून आलं होतं. दोन दिवस पडद्यावर चाललंही होतं. खोटं त्यानंतर, या टेबलाशी तयार झालं होतं, आणि आता ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

"काल देवापुढं नाक घासलं मी," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, हळू. पण भैयाजींचं चुन्याचं बोट पानावर तसंच राहिलं. "वाटलं, माहीच चूक झाली. तुम्ही कापलं, अन् माफी मी मागितली."

"अवं बाई, जपाचं अन् सिनेमाचं काय घेऊन बसल्या? दारावर जा. गर्दी होऊन राहिली."

तिनं बॅटरी त्यांच्या टेबलावर ठेवली. जाळीचं दार मागे आपोआप लागलं.

बाहेर तीनच्या खेळाची बायांची रांग तिकीटखिडकीपासून पार सायकल स्टँडपर्यंत गेली होती. कडेवर पोरं, रुमालात बांधलेले शेंगदाणे, चढे आवाज. प्रयागबाई लेडीजच्या दाराकडे वळली नाही. मागून भैयाजी हाका मारत होते. तिला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. ती रांगेतल्या पहिल्या बाईपाशी गेली, आणि तिच्या कानाशी वाकली.