धुक्यातली आरोळी

शिडाच्या होडीच्या मागच्या टोकाला विश्राम रडारचा खांब बसवत होते आणि भागीरथीबाई तो दोन्ही हातांनी धरून, गाल फुगवून उभ्या होत्या. धुक्यात पुढच्या फळीवरून आरोळी देऊन नवऱ्याला वाट सांगायचं काम लग्नापासून त्यांचं.

“हे यंत्र धुक्यातलं बघणार. मग मी काय घरी बसून आमसुलं वाळवू?”

विश्राम हसले. रडारची वायर सुकाणूपाशी न थांबवता त्यांनी पुढे नेली आणि पडदा बायकोच्या फळीसमोर बसवला. “मी सुकाणू सांभाळू की पडदा बघू? बघायचं तूच. आरोळी मात्र मोठी दे, मला हल्ली ऐकू कमी येतं.”

यंत्र सुरू होताच पडद्यावर एक ठिपका सरकला.

“अहो, डावीकडे होडी!”

त्यांची स्वतःची होडी अजून धक्क्याला बांधलेलीच होती. तरी विश्रामांनी सुकाणू वळवलंच.